अ‍ॅनोरेक्सिया: उपचार मुलीवर की घरावर?

पंधरा वर्षांच्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार, झालाय. तिला एकटीला समुपदेशकाकडे न्यावं की सगळ्यांनी कुटुंबोपचार घ्यावा, असं एका ताईंनी विचारलंय.

वैयक्तिक उपचारात तिची भीती आणि स्वप्रतिमा यांवर काम होतं. कुटुंबोपचार ताटाभोवतीची नाती बघतो: आई आग्रह करते, बाबा चिडतात, मुलगी गप्प होते, आईचा आग्रह वाढतो. हे चक्र कुणा एकाचं नसतं. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेली पद्धत आईवडिलांना दोष देत नाही. जेवणाची सूत्रं आधी त्यांच्याच हाती देते आणि वजन सावरलं की हळूहळू मुलीकडे सोपवते.

कष्ट यातच जास्त. प्रत्येक जेवणाला कुणीतरी सोबत बसायचं, म्हणजे रजा आल्याच.

टिकाऊपणा मात्र बघा. २०१० च्या अमेरिकी चाचणीत उपचारांनंतर वर्षभराने कुटुंबोपचाराच्या गटातली सुमारे ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, वैयक्तिक गटातली २३.

ताई, मुलगी शाळकरी आणि दुखणं नवं असेल, तर माझं मत कुटुंबोपचाराला. वय जास्त असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर वैयक्तिक. चक्कर येत असेल, वजन झपाट्याने घसरत असेल, तर दोन्हींच्या आधी डॉक्टर, आजच.