कंपाउंडवरचं झटका मशीन: घेण्याआधी काय तपासावं

बंगल्याच्या भिंतीवर लावायचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र) चांगलं की वाईट, हे त्याचा झटका किती जोरात बसतो यावरून ठरवू नका. दोन झटक्यांच्या मध्ये ते किती वेळ गप्प राहतं, ते आधी पाहा.

पुण्यात विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या तपकीर गल्लीतून घ्या की आणखी कुठून, डब्यावर आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचा उल्लेख शोधा. त्यानुसार ५०० ओहमच्या रोधावर (विजेला होणाऱ्या अडथळ्यावर) एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाता कामा नये, झटका १० मिलिसेकंदांत संपायला हवा आणि पुढचा झटका निदान १ सेकंदानेच यायला हवा. तारेवर आठ-नऊ हजार व्होल्ट असूनही जीव वाचतो तो या मर्यादांमुळे. त्या एका सेकंदात स्नायू सैल पडतात, हात सुटतो, माणूस मागे फिरू शकतो. घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडली तर करंट थांबतच नाही, मूठ आवळली जाते ती सुटत नाही. रानडुकरांसाठी सोडलेल्या अशा तारांनी माणसंही मेली आहेत. मानक न दाखवता ‘जबरदस्त करंट’ सांगून कोणी मशीन विकत असेल, तर ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

मशीन उत्तम असूनही काम बिघडतं ते बसवताना. सर्वांत मोठी चूक केबलची. घरगुती वायरचं वेष्टण ११०० व्होल्टपर्यंतचं. तीच मशीनपासून भिंतीपर्यंत ओढली तर पहिल्या पावसातच गळती सुरू होते. हाय टेन्शन केबलच मागा. दुसरी चूक अर्थिंगची. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मुरमाखाली लगेच काळा खडक लागतो, मग फिटर रॉड अर्धा कापून मोकळा होतो. दोन मीटरचे तीन रॉड खोल जायलाच हवेत, तेही घराच्या अर्थिंगपासून १० मीटर दूर. नाहीतर नळाला हात लावणाऱ्यालाही मुंग्या येतात. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की तिथे पाणी घालावं लागतं. शिवाय कोरड्या भिंतीवर चढलेल्या माणसाचा जमिनीशी संबंधच नसतो, म्हणून तारा एकाआड एक ‘लाइव्ह’ आणि ‘अर्थ’ हव्यात. सगळ्याच लाइव्ह ठेवल्या तर झटका जवळजवळ लागतच नाही. पावसाळ्यात मधुमालतीचा वेल तारेला टेकला की व्होल्टेज पडतं. दूरच्या टोकाला टेस्टर लावून ५ हजारांच्या खाली आकडा आला की आधी वेल छाटा. गुरुवारी लाइट जाते तेव्हा मशीन बॅटरीवर किती तास चालतं, तेही एकदा चालवून पाहा.

तार तुटली किंवा जमिनीला टेकली की वाजणारा हूटर यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. तो नसलेला संच आम्ही सुचवणार नाही. झटका चढणाऱ्या माणसाला थांबवतो, हूटर घरच्यांना जागं करतो, आणि पुढचा निर्णय माणूस घेतो. निर्णय माणसानेच घ्यायला हवा, कारण तारेला चोर आणि चेंडू आणायला चढलेलं पोर यांतला फरक कळत नाही.

कायदाही तेच मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ ने मालमत्तेच्या बचावाचा हक्क दिला आहे, पण कलम ३७ नुसार तो गरजेपुरताच. जीव घेण्यापर्यंतची मुभा कलम ४१ देतं ती जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयातली घरफोडी, राहत्या घराला आग अशा मोजक्या प्रसंगी. नुसतं कंपाउंड चढणं त्यात बसत नाही. अमेरिकेत आयोवातल्या एका रिकाम्या फार्महाउसमध्ये दार उघडताच आपोआप उडेल अशा रीतीने बांधून ठेवलेल्या बंदुकीने जुन्या बरण्या चोरायला आलेल्याचा पाय जायबंदी झाला. १९७१ मध्ये आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या चोराला मिळालेली ३० हजार डॉलरची भरपाई कायम ठेवली. घरमालक तिथे हजर असता तर त्याला ज्या बळाचा हक्क नसता, ते बळ त्याच्या माघारी यंत्रालाही वापरता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. आम्हाला तो पटतो. बरण्यांसाठी कुणाचा पाय जाऊ नये.

हूटर वाजून कोणी सापडलाच तर ११२ ला फोन करा. नागरिकाने पकडलेल्या माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं. सोसायटीच्या वॉचमनइतकंच सेक्रेटरीलाही हे ठाऊक हवं: पकडल्यानंतरची मारहाण हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे.

जुन्या वाड्यांच्या भिंतींवरच्या काचांपेक्षा हे कुंपण बरंच. काच मांजरालाही कापते, आणि ती बंद करता येत नाही. मात्र पिवळी पाटी दर १० मीटरला, मराठीत, हिंदीत आणि वाचता न येणाऱ्यासाठी चित्रासह लावाच. लपवलेली तार चोराला परतवत नाही, फक्त दुखवते. आणि भिंत पाच फुटांहून कमी असेल, किंवा तिला लागून फूटपाथ वा शाळा असेल, तर हे मशीन घेऊच नका. तिथे ग्रिल उंच करा आणि सेन्सरचा दिवा लावा.