सप्ताहातल्या कीर्तनांच्या डिस्क कशावर लावायच्या? लोकल प्लेअर, कंपनीचा प्लेअर की ब्लू-रे

गंगाखेडला मावशीच्या घरी पत्र्याच्या पेटीत तीसेक डिस्क निघाल्या. मावसबहिणीचं लग्न, नातवाचं बारसं आणि काकांनी हौसेनं जमवलेली गावातल्या हरिनाम सप्ताहाची कीर्तनं. काका आता नाहीत. त्या कीर्तनांत पखवाजाच्या शेजारी टाळ घेऊन उभे असलेले काका दिसतात, म्हणून मावशीला ती पुन्हा बघायची आहेत. घरातला प्लेअर कधीचाच बंद पडलाय. "दोन-तीन हजारांत काही होतंय का बघ," असं ती म्हणाली आणि मी परभणी-नांदेडच्या दुकानांतून चौकशी करत फिरलो. अशी पेटी आपल्याकडं कितीतरी घरांत असेल, म्हणून जे कळलं ते नीट लिहून ठेवतोय.

दुकानात जायच्या आधी पेटीतला माल ओळखा. वरून सगळ्या डिस्क सारख्याच चकाकतात, आत मात्र फार फरक असतो. कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये एकेक टाकून बघा. 'डॅट' फाईली दिसल्या तर ती व्हीसीडी. 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यात 'व्हीओबी' फाईली असल्या तर ती डीव्हीडी. आणि नुसत्याच 'एव्हीआय' फाईली ओळीनं पडलेल्या असल्या, तर ती कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओची डिस्क. खरी अडचण याच डिस्कची असते.

व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून तर लग्नाच्या तीन-तीन सीड्या मिळायच्या. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, पण ४.७ जीबीच्या डिस्कवर चांगल्या दर्जाचे दोनच तास बसतात. सप्ताहाला हे परवडत नाही. रोजचं दोन तासांचं कीर्तन, अशी सात दिवसांची सात आणि वर काल्याचं आठवं. शूटिंगवाल्यानं मग डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीनं एकेक कीर्तन साडेपाचशे एमबीपर्यंत आणलं आणि अख्खा सप्ताह एकाच डीव्हीडीवर बसवला. मावशीच्या पेटीत अशा अकरा डिस्क होत्या. साधा जुना प्लेअर त्यांना हातच लावत नाही. डिस्क आत जाते, गरगर फिरते आणि पडद्यावर 'नो डिस्क' येतं. डिस्क खराब झाली समजून लोक ती फेकून देतात. कृपा करून फेकू नका.

आता लोकल आणि कंपनीचा प्लेअर शेजारी ठेवून बघू. मला सांगितलेल्या भावात लोकल, म्हणजे बिननावाचा प्लेअर, दीड हजाराच्या आत-बाहेर होता आणि कंपनीचा जवळपास दुप्पट. फाईली वाचण्यात लोकल मागे पडेल असं मला वाटलं होतं, पण तसं सरसकट नाही. स्वस्त प्लेअरमध्ये बऱ्याचदा मीडियाटेकची १३८९ मालिकेतली चिप असते, आणि नावाजलेल्या कंपन्यांनीही तीच चिप वापरलेली आहे. या चिपच्या बऱ्याच प्रकारांत डिव्हएक्स उलगडायची सोय असते. म्हणजे दुकानदार "सगळं चालतंय भाऊ यावर" म्हणतो ते अगदीच खोटं नसतं. कंपनीच्या बऱ्याच प्लेअरवर डिव्हएक्सचं चिन्ह छापलेलं असतं, म्हणजे त्या पद्धतीच्या ७२० बाय ५७६ पर्यंतच्या फाईली त्यावर तपासलेल्या असतात. लोकल प्लेअरच्या खोक्यावरही ते चिन्ह दिसेल, पण खोक्यावर कुणी काहीही छापतं. आपली डिस्क लावून बघितल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका.

पैशाचा खरा फरक पडतो तो लेन्समध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या लेसरच्या भागात. आमच्या घरी मागं एक लोकल प्लेअर आणला होता. आठ महिन्यांत त्यावर व्हीसीडी लागायची बंद झाली, डीव्हीडी मात्र ठणठणीत चालायची. तेव्हा आम्हाला उलगडा झाला नाही. कारण असं, की प्लेअरला सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा, असे दोन वेगळे लेसर लागतात. एक गेला तरी दुसरा चालू राहतो. त्यातून घरी किंवा स्टुडिओत जाळलेल्या, म्हणजे कोऱ्या डिस्कवर कॉम्प्युटरनं भरलेल्या डिस्कवरून प्रकाश कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा कमी परत येतो, त्यामुळं लेन्स जरा कमजोर झाली की पहिला फटका अशाच डिस्कना बसतो. आपल्या पेटीत तर बहुतेक सगळ्या जाळलेल्याच. उन्हाळ्यात आपल्याकडं जी धूळ घरात येते, तीही या लेन्सवरच जाऊन बसते. ज्याच्या पेटीत जाळलेल्या डिस्क जास्त, त्यानं लोकलवर पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत झालंय.

दुसरा फरक लाईट गेल्यावर कळतो. सव्वा तास कीर्तन झालं, लाईट गेली आणि अर्ध्या तासानं आली, तर प्लेअर जिथं थांबला तिथून सुरू होतो की पुन्हा जयजयकारापासून? डीव्हीडीच्या बाबतीत कंपनीचे प्लेअर बऱ्याचदा जागा लक्षात ठेवतात. एव्हीआय फाईलच्या बाबतीत तेही कधीकधी विसरतात. दुकानातच चालू फाईलवर प्लग उपटून पुन्हा लावायला सांगा. दुकानदार कुरकुरेल, पण वयस्क माणसाला रिमोटनं दोन तासांची फाईल पुढं ढकलत बसायला लावण्यापेक्षा हे बरं.

वायरींचं थोडक्यात सांगतो. जुन्या डबा टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल वायर लागते, नव्या टीव्हीला एचडीएमआय. दोन्ही असलेला प्लेअर घ्या, टीव्ही बदलला तरी चालेल. एचडीएमआयनं चित्र स्वच्छ येतं, पण व्हीसीडीतले ठिपके त्यानं वाढत नाहीत. खोक्यावरच्या '१०८०' आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

पेन ड्राईव्हची फट आता जवळपास सगळ्यांना असते, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही तिथंच होतो. फोनवर काढलेला व्हिडिओ पेन ड्राईव्हवर घालून लोक प्लेअरला लावतात, मग आवाज येतो आणि चित्र येत नाही, किंवा फाईल दिसतच नाही. फोनची एमपी-फोर फाईल बहुधा एच २६४ किंवा एच २६५ पद्धतीची असते आणि स्वस्त डीव्हीडी प्लेअरच्या चिपला ती उलगडता येत नाही. लोकल असो की कंपनीचा, दोघंही इथं सारखेच. त्या फाईली सरळ टीव्हीच्या फटीत लावा. पेन ड्राईव्ह 'फॅट ३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, आणि फाईलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण मराठी नावांच्या जागी या प्लेअरमध्ये नुसते चौकोन उमटतात.

ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कचा प्लेअर, त्याचाही विचार मी केला होता. तो एच २६४ वाचतो, चित्र उत्तम देतो, पण किंमत कितीतरी जास्त. सॅमसंगनं २०१९ मध्ये आणि एलजीनं २०२४ च्या अखेरीस या धंद्यातून अंग काढलं, म्हणजे पुढं सुटे भाग मिळायची पंचाईत. शिवाय काही ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत. मावशीच्या पेटीतलं लग्न नेमकं व्हीसीडीवरच होतं, त्यामुळं ब्लू-रे लगेच बाद झाला.

प्लेअर घ्यायचाच नाही, असाही एक रस्ता आहे. लॅपटॉपला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राईव्ह आणायचा, सगळ्या डिस्क उतरवून घ्यायच्या आणि टीव्हीला पेन ड्राईव्ह लावायचा. घरात जाणती पोरं असतील तर हा रस्ता स्वस्त आणि टिकाऊ. पण काही नव्या टीव्हींनी डिव्हएक्सची सोयच काढून टाकलीय, तेव्हा आधी एक फाईल लावून बघा. मावशी एकटी राहते. डिस्क ट्रेमध्ये ठेवली की कीर्तन लागतं, एवढंच तिला पुरतं. टीव्हीच्या मेनूत शिरून फोल्डर शोधणं तिला जमत नाही आणि तिनं ते का शिकावं, असं मलाही वाटतं. डिस्क उतरवून घेणं मात्र प्लेअर आणला तरी चुकत नाही. जाळलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर उष्णतेनं उडतो, आणि पत्र्याच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात काय होत असेल ते सांगायला नको.

शेवटी कंपनीचा, डिव्हएक्सचं चिन्ह असलेला, दोन्ही वायरींचा डीव्हीडी प्लेअर घेतला. दुकानात जाताना पेटीतली एक व्हीसीडी, एक डीव्हीडी आणि एव्हीआयच्या दोन डिस्क सोबत नेल्या होत्या. त्यातल्या एका डिस्कवर चित्र अडखळत होतं. एक्सव्हिडची फाईल बनवताना कुणी 'क्यूपेल' किंवा 'जीएमसी' ही जादा सोय वापरली असेल, तर बरेच प्लेअर असेच अडखळतात, महागडेही. अकरापैकी नऊ डिस्क प्लेअरवर नीट चालल्या. उरलेल्या दोन कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि त्यांच्या साध्या डीव्हीड्या करून घेतल्या. दर्जा जरा उतरवून एका डिस्कवर दोन कीर्तनं बसवली, तेव्हा एका सप्ताहाच्या चार डिस्क झाल्या. मावशीनं त्यांच्यावर स्केच पेननं दिवस लिहिले आणि काल्याची डिस्क सगळ्यात वर ठेवली.