क्लाउडवरची ईडीआय सर्व्हिस: ऑर्डर येतात झकास, पण हिरव्या टिकवर जाऊ नका

मोठ्या गिऱ्हाइकांनी पीडीएफ पीओ (परचेस ऑर्डर) बंद केल्या, आता सगळं ईडीआयनेच (म्हणजे ऑर्डर, बिलं ठरलेल्या फॉरमॅटमध्ये एका कंपनीच्या कॉम्प्युटरवरून थेट दुसरीच्या कॉम्प्युटरवर), म्हणून ही सर्व्हिस घेतली. नाव देत नाही, सेल्सवाल्यांचे फोन नकोत.

आधी चांगलं सांगतो. ऑर्डर म्हणजे एक्स१२ (ईडीआयचा अमेरिकन फॉरमॅट) ची ८५० नंबरची फाइल आली की थेट ईआरपीत (कंपनीच्या ऑर्डर-स्टॉक-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) सेल्स ऑर्डर तयार, कुणी टाइप करत बसायला नको, माल निघाला की ८५६ म्हणजे एएसएन (माल येतोय याची आगाऊ सूचना) आणि मागोमाग ८१० चं इन्व्हॉइस त्याच डेटावरून जातं. एक गिऱ्हाईक एक्स१२ वालं, दुसरं एडीफॅक्टवालं (हा दुसरा, आंतरराष्ट्रीय फॉरमॅट), तरी आपल्याला स्क्रीन एकच. एएस२ ने (इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकाला फाइल पाठवायची पद्धत) पाठवलं की एमडीएनची पोच पण लगेच दिसते. इथपर्यंत पैसे वसूल.

बोंब आहे ती स्टेटसच्या कॉलममध्ये. इन्व्हॉइसवर समोरून ९९७ नंबरची पोच आली की हे हिरवी टिक मारून 'अ‍ॅक्सेप्टेड' लिहून मोकळे होतात. अहो ९९७ म्हणजे फाइल मिळाली आणि तिचा फॉरमॅट बरोबर आहे एवढंच, रेट, क्वांटिटी, पीओ नंबर यातलं काहीच कुणी अजून तपासलेलं नसतं. खरं रिजेक्शन नंतर ८२४ नंबरच्या मेसेजमध्ये येतं आणि ते यांनी भलत्याच टॅबमध्ये टाकलंय, त्यामुळे अकाउंट्सवाले हिरवी टिक बघून पेमेंटची वाट बघत बसतात आणि तिकडे इन्व्हॉइस कधीच परत आलेलं असतं. हे चालवून घेण्यासारखं नाही.

रेडीमेड मॅपवरपण (ईडीआय फाइलमधली कुठली माहिती ईआरपीत कुठे जाणार ते ठरवणारी जुळणी) डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एका ऑर्डरच्या पीओ१ लाइनमध्ये (मालाच्या ओळीत) २४ पुढे सीए होतं, म्हणजे २४ केस, यांच्या मॅपने युनिटचा कोड गाळून ईआरपीत नुसते २४ नग चढवले. गोडाऊनवाला म्हणाला हे गिऱ्हाईक सुटे नग मागतच नाही, म्हणून निभावलं. सपोर्टने मॅप पटकन दुरुस्त केला हे मान्य, पण वर 'मॅपिंग चेंज'चे पैसे पण लावले!

व्हॅनवरून (म्हणजे गाडी नव्हे, फाइल्स पोचवणारं मधल्या कंपनीचं नेटवर्क) जाणाऱ्या फाइल्सचं बिल किलोकॅरेक्टरवर, म्हणजे हजार अक्षरांमागे. एएसएनमध्ये प्रत्येक बॉक्सचा १८ आकडी एसएससीसी (बॉक्सचा ओळख नंबर) जातो, म्हणजे बॉक्स जितके जास्त तितकं बिल फुगणार. गिऱ्हाईक तयार असेल तर सरळ एएस२ घ्या.

५ पैकी साडेतीन. डेमोला बसाल तेव्हा छान छान ऑर्डर बघू नका, रिजेक्ट झालेलं एक इन्व्हॉइस कुठे आणि कसं दिसतं ते उघडून दाखवायला सांगा. आणि एएस२ चं सर्टिफिकेट एक्स्पायर व्हायच्या आधी अलर्ट कुणाकुणाला जातो तेही विचारा, यांच्याकडे एकच ईमेल टाकता येतो आणि तो माणूस सुट्टीवर असला की ऑर्डर बंद.