गाडीचा क्लेम कमी आला तर हिशोबाचा कागद मागा, मी १२,९०० परत मिळवले

मागच्या डिसेंबरात रात्री पुण्यावरनं साताऱ्याला येताना वाढे फाट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, सीझनमध्ये आपल्याकडं काय परिस्थिती असते ते सांगायला नको. माणसं वाचली पण बॉनेट, फेंडर, बंपर, एक हेडलाईट गेला आणि ऊस लागून पुढच्या काचेला जाळं पडलं.

गाडी २ वर्ष ४ महिन्यांची. झिरो डेप, म्हणजे गाडी जुनी झाल्याची घट (डेप्रिसिएशन) न कापणारं विम्याचं जादा कव्हर, नव्हतं, दोन हजार वाचवायला मीच काढून टाकलं होतं, ती चूक माझी. त्यामुळं थोडं कापणार हे धरूनच होतो. कॅशलेस गॅरेजला लावली, नुकसान बघणारा सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, बारा दिवसांनी फोन, गाडी तयार आहे. बिल ७८,०००, विमा कंपनी देणार ४४,५००, उरलेले ३३,५०० भरा आणि गाडी न्या. मुलीचा दुसऱ्या दिवशी कराडला पेपर, गाडी पाहिजेच होती, पैसे भरले आणि त्यांनी पुढं केलेल्या दोन कागदांवर उभ्या उभ्या सह्या केल्या. त्यातला एक होता 'क्लेम पूर्ण मिळाला, समाधानी आहे' असा. एजंटला फोन केला तर म्हणतो, "दादा सगळ्यांचंच असं कापत्यात, तुमचं उलट चांगलं झालं."

घरी आल्यावर झोप लागंना. कंपनीला मेल टाकून सर्व्हे रिपोर्ट आणि कपातीचा हिशोब मागितला. दोनदा टाळलं, तिसऱ्या मेलला आला. आणि बघतो तर काय, लोखंडी पार्ट २४,००० चे, त्यावर २५ टक्के डेप्रिसिएशन. २ ते ३ वर्षाच्या गाडीला १५ टक्के असतं, २५ तर ३ ते ४ वर्षाच्या गाडीला. काच ९,००० ची, त्यावर ५० टक्के. अहो काचेवर शून्य असतं! रबर-प्लास्टिकला ५० टक्के, ते बंपर-हेडलाईटचे ९,००० कापले ते बरोबर होतं. आणि पेंटिंग १६,०००, त्याचे सरळ निम्मे उडवले. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला चौथा हिस्सा म्हणजे ४,००० मटेरियल धरतात आणि फक्त त्याच्यावर ५० टक्के, म्हणजे २,००० कापायला पाहिजे होते, कापले ८,०००. वर लेबर ११,००० चं ६,००० केलं, कारण काय तर 'आमच्या रेटप्रमाणे'. कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आपल्या खिशातनं जाणारा ठरलेला हिस्सा, १,००० ते ठीक, पंधराशे सीसीपर्यंत तेवढं जातंच. असे एकूण १७,९०० जास्तीचे कापलेले.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकेक ओळ लिहून मेल केला, उत्तर आलं, तुम्ही समाधानी म्हणून सही दिली आहे, केस बंद. इथं बरेच जण गप्प बसतात, मी पण बसणारच होतो, पण मेव्हण्यानं सांगितलं की त्या सहीनं तुमचा जास्त मागायचा हक्क संपत नाही. मग विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, सोबत बिल, सर्व्हे रिपोर्ट, आरसी आणि माझा हिशोब. ऑनलाईन जमत नसेल तर १५५२५५ वर फोन करून पण तक्रार घेतात. तक्रारीत हे पण लिहिलं की इथं नाही झालं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) जाणार. तिथं फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. (आपल्याला पुणं लागतं, मुंबई नाही, हे पण मला त्या दिवशी कळलं.)

तीन आठवड्यांनी कंपनीचा फोन, आवाज एकदम गोड, "सर, कॅल्क्युलेशनमध्ये थोडी चूक होती." लोखंडाचे २,४००, काचेचे ४,५००, पेंटिंगचे ६,००० असे १२,९०० खात्यावर आले. लेबरच्या ५,००० वर मात्र हटले नाहीत, आणि तेवढ्यासाठी पुण्याच्या चकरा मारायला माझ्यात पण दम नव्हता.

परवा मेव्हण्याची गाडी ठोकली कोरेगावात. त्याचा हिशोबाचा कागद मागवला, काचेवर ५० टक्के.