शमुवेल की एलियाहू?

भाचीला आठवा महिना लागलाय. ती इस्राएलमध्ये अश्दोदला, मी ठाण्यात. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "मामा, मुलगा झाला तर शमुवेल ठेवू की एलियाहू? आमचं दोघांचं काही एकमत होत नाहीये." फोनवर बोलून समाधान झालं नाही. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत हा पेच नवा नाही, म्हणून सविस्तरच लिहितो.

शमुवेल संदेष्ट्याची गोष्ट त्याच्या आईपासून सुरू होते. हन्नाला मूल नव्हतं आणि सवत पनिन्ना तिला सारखी टोचून बोलायची. शिलोला परमेश्वराच्या मंदिरात हन्ना उभी राहून प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय. त्याने तिला चक्क हटकलं. मनातल्या मनात प्रार्थना कशी करावी हे आपले रब्बी पुढे या हन्नाकडूनच शिकले. मुलगा झाला, तेव्हा नावही तिनेच ठेवलं आणि कारणही तिनेच दिलं: मी याला परमेश्वराकडून मागून घेतलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी 'शमुवेल म्हणजे देवाने ऐकलं' असं लिहिलेलं असतं. हिब्रूत 'ऐकणे'साठी 'शामा' आहे आणि त्यात 'आयिन' हे अक्षर येतं. शमुवेलमध्ये ते नाही. ते आहे इश्माएलमध्ये, आणि 'देव ऐकतो' असा सरळ अर्थ त्याच नावाचा होतो. शमुवेलची सरळ फोड 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव. म्हणजे देवाचं नाव. हन्नाने सांगितलेल्या कारणात जो 'मागणे' हा धातू आहे, त्यातून खरं तर शाऊल हे नाव निघतं, आणि पुढे ज्याला शमुवेलने पहिला राजा म्हणून अभिषेक केला तो शाऊलच. अभ्यासकांचा यावर बराच खल चालतो. मला मात्र आईचा शब्द पुरतो. रोश हशानाच्या, म्हणजे आपल्या नववर्षाच्या, पहिल्या दिवशी सभास्थानात हा भाग वाचतात, तेव्हा हन्ना दरवर्षी लेकासाठी लहानसा झगा शिवून न्यायची हे आठवून माझे डोळे भरून येतात.

एलियाहू संदेष्ट्याला जन्मकथाच नाही. आई कोण, बाप कोण, पवित्र शास्त्र सांगत नाही. गिलादातला तिश्बी एवढीच ओळख, आणि एकदम अहाब राजासमोर येऊन तो दुष्काळाची वार्ता देतो. त्याच्या नावाचा अर्थ मात्र वादातीत आहे: 'माझा देव याह', म्हणजे परमेश्वर हाच माझा देव. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताचे 450 संदेष्टे एकीकडे आणि हा एकटा एकीकडे. आकाशातून अग्नी पडला तेव्हा लोक ओरडले, "परमेश्वर हाच देव!" सगळा जमाव त्याच्या नावाचा अर्थच ओरडत होता. पण त्यानंतर लगेच तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, हेही विसरू नका. पुढे होरेब डोंगरावर वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, पण परमेश्वर त्यांत नव्हता. मग आला एक मंद, बारीक आवाज.

आणि एलियाहू तर आपल्या घरचाच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातल्या नव्हे) खडकावर, तो ज्यातून स्वर्गात गेला म्हणतात, त्या रथाच्या खुणा दाखवतात. नवस फेडायचा, नवं घर घ्यायचं, लग्न काढायचं, की मलिदा आलाच: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, वर फळं, आणि 'एलियाहू हान्नाबी'चं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, गाणं. शमुवेलचा मान वेगळा. मुंबईतलं पहिलं सभास्थान 1796 साली सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. आपल्या बोलीत ते सामाजी हसाजी. सामाजी म्हणजेच शमुवेल. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलेला माणूस तो. मांडवीतल्या सॅम्युअल स्ट्रीटवर ते नाव अजून आहे.

आता रोजच्या वापराचं बघू. शमुवेलचं पासपोर्टवर सॅम्युअल होतं, जगात कुठेही चालतं. तिथे शाळेत पोरं शमुलिक म्हणतील, इथे आजी शमू म्हणेल. 'शमुवेलला' म्हणताना दोन 'ल' जिभेला जरा अडखळवतात, इतकंच. एलियाहूचं आखडून एलिया होतं आणि मराठी कानाला ते मुलीचं नाव वाटतं. एली केलं तर मगाचा तो याजक आठवतो. हिब्रूत दोघांची पहिली अक्षरं वेगळी, एकाचं आलेफ तर दुसऱ्याचं आयिन, पण देवनागरीत दोन्ही 'एली'च. म्हणून ठेवायचं तर पूर्ण एलियाहू ठेवा, आणि जन्मनोंदीत 'हू' गाळू देऊ नका.

माझं मत विचारशील तर शमुवेल. तुम्ही या बाळासाठी किती वर्षं वाट पाहिलीत ते मला ठाऊक आहे, आणि मागून घेतलेल्या लेकराचं दुसरं नाव मला सुचत नाही. जावईबापूंचा जीव एलियाहूवर आहे, तेही मी समजू शकतो. त्यांना एवढंच सांग: आठव्या दिवशी सुंतेला बाळाला आधी एलियाहूच्या खुर्चीवर ठेवतात. इस्राएलने देवाशी केलेला करार सोडला अशी तक्रार त्याने होरेबवर केली होती, म्हणून परंपरेप्रमाणे प्रत्येक सुंतेला त्याला साक्षीला यावं लागतं. नाव पुकारलं जातं ते त्यानंतर. खुर्चीवर तो असणारच आहे. पोहे आणि वेलची मी इथून घेऊन येतो, खोबरं तिथे मिळतं का तेवढं बघून ठेव.