आटेदार नळी आणि गोल शिशाचे छर्रे: ५०० नगांच्या एका डब्याचे परीक्षण

मुळशी तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या मामांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक आहे. आतून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा) पाडलेल्या नळीच्या अशा बंदुकीतून शिशाची एकच गोल गोळी झाडली, तर ती कितपत नेमकी जाईल, हा प्रश्न त्यांनी दिवाळीत मला विचारला. ‘बारा बोअर’ हे नावच मुळी गोल गोळीवरून पडलेले आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर प्रत्येकीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो आणि तोच नळीचा व्यास मानला जातो. घरी काडतूस भरून पाहण्याचा मार्ग मी तिथेच नाकारला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. शिवाय नळीत किती दाब निर्माण होईल याचा अंदाज नसताना असे काडतूस खांद्याला लावलेल्या बंदुकीत घालणे म्हणजे स्वतःचा चेहरा पणाला लावणे होय. हाच प्रश्न लहान आकारात मात्र निर्धोकपणे विचारता येतो. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि तिच्या नळीतही तसेच आटे असतात. म्हणून पुण्याच्या मध्यवस्तीतील एका दुकानातून मी गोल शिशाच्या छर्ऱ्यांचा ५०० नगांचा डबा आणला. नेहमीच्या छर्ऱ्यांच्या डब्यापेक्षा त्याची किंमत जवळपास दीडपट होती.

नेहमीचा छर्रा डमरूसारखा असतो: पुढे डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे आतून पोकळ घेर. हवेच्या दाबाने तो घेर फुलतो, आट्यांत घट्ट बसतो आणि हवा पुढे निसटू देत नाही. गोल छर्ऱ्याला असा घेर नसतो. त्याच्या मध्याभोवतीची एक अरुंद पट्टी तेवढी आट्यांना टेकते आणि हवा अडवण्याचे व फिरकी घेण्याचे काम त्या पट्टीलाच करावे लागते. गोळी पूर्ण गोल असल्यामुळे लांबट गोळीप्रमाणे हवेत कोलमडून आडवी होण्याचा धोका तिला नसतो, तरीही तिला फिरकी हवीच. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी आतल्या भिंतीला जिथे घासेल त्याप्रमाणे वाटेल तशी फिरते आणि मग हवेत वळते. अठराव्या शतकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मस्केटची (गुळगुळीत नळीच्या जुन्या लांब बंदुकीची) नळी मुद्दाम डावीकडे वाकवून त्यातून सुटलेली गोळी पुढे उजवीकडे वळते, हे दाखवले होते. आट्यांमुळे गोळीला प्रत्येक वेळी एकाच आसाभोवती फिरकी मिळते आणि हा अनियमितपणा जातो. अट एवढीच की गोळी आट्यांत खरोखर अडकली पाहिजे, आणि या डब्याचे घोडे नेमके इथेच अडते.

डब्यावर ‘४.५ मिमी’ एवढेच छापले आहे. लक्ष्मी रस्त्यावरील एका सराफी दुकानात माझे मेहुणे काम करतात; त्यांच्या काट्यावर आणि माझ्या मायक्रोमीटरने मी ५० छर्रे एकेक करून तपासले. व्यास ४.४३ पासून ४.५० मिलिमीटरपर्यंत आणि वजन ०.५१६ पासून ०.५४१ ग्रॅमपर्यंत आढळले. शिशाची घनता धरून हिशेब केला, तर या व्यासांच्या भरीव गोळ्यांची वजने एवढीच यायला हवीत. म्हणजे धातू शुद्ध आहे आणि आत पोकळी नाही, हे निर्मात्याच्या बाजूने आवर्जून सांगायला हवे. गोलाईही चांगली आहे. एकाच छर्ऱ्याचा व्यास तीन दिशांनी मोजूनही फरक सहसा आढळला नाही. एका डब्यात दोन-तीन मापे मिसळलेली आहेत, हा खरा दोष आहे.

त्याचा परिणाम काय होतो, हे कोथरूडजवळच्या एका खासगी रेंजवर १० मीटरवरून पाहिले. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि प्रत्येक प्रकारच्या छर्ऱ्यांचे दहा-दहा नेमांचे पाच गट घेतले. नेहमीच्या डमरू छर्ऱ्यांचे गट, म्हणजे दहा भोकांचा एकूण पसारा, सरासरी ६ मिलिमीटरचे आले. डब्यातून हाताला येतील तसे घेतलेले गोल छर्रे १९ मिलिमीटरपर्यंत पसरले. मात्र ४.४८ मिलिमीटर आणि त्याहून मोठे छर्रे निवडून घेतल्यावर गट १० मिलिमीटरवर आला, आणि मला तर हे आश्चर्यकारकच वाटले. ४.४५ च्या आतले छर्रे २७ मिलिमीटरपर्यंत विखुरले. चिंध्या ठासून भरलेल्या खोक्यात काही छर्रे झेलले आणि भिंगाखाली पाहिले, तेव्हा मोठ्या छर्ऱ्यांवर आट्यांची स्वच्छ, सलग पट्टी उमटलेली दिसली. लहान छर्ऱ्यांवर मात्र एकाच बाजूला पुसट ओरखडे होते.

लहान छर्ऱ्यांची हानी नेम चुकण्यापुरती राहत नाही. स्प्रिंगच्या रायफलीत स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि त्याच्या पुढची हवा दाबली जाते, म्हणूनच दट्ट्याचा वेग शेवटी मंदावतो. सैल छर्ऱ्याच्या कडेने ती हवा निसटली की दट्ट्या रिकामी बंदूक चालवल्याप्रमाणे आदळतो आणि स्प्रिंग व वॉशर लवकर निकामी होतात. मला तो कोरडा, कर्कश आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्याहून गंभीर बाब अशी की नळी बिजागरीवर खाली वाकवून भरलेला ४.४३ चा छर्रा, नळी खाली झुकवताच पुढे घरंगळला आणि मध्येच थांबला. बंदूक भरलेली आहे की नाही, याविषयी अशी शंका निर्माण होणे मला अजिबात मान्य नाही. ज्यांच्या घरात मुले बंदूक हाताळायला शिकत आहेत, त्यांनी हा डबा न मोजता वापरू नये. लोखंडी गोल छर्रे तर आटेदार नळीत घालूच नयेत. ते आटे खराब करतात आणि उसळून परत येतात. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

मामांना मी निकालाचे कागद दाखवले. आटेदार नळीतून गोल गोळी नेमकी जाऊ शकते, पण व्यासातला पाच शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा निकाल पार बदलून टाकतो, आणि म्हणून त्यांच्या बंदुकीत परवानाधारक विक्रेत्याकडचे, त्या नळीसाठीच बनवलेले कारखान्याचे काडतूसच वापरले पाहिजे, एवढे त्यांना पटले. दुकानदारांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली. गोल छर्रे ४.४५ आणि ४.५० अशा स्वतंत्र मापांतही मिळतात. पुढच्या मागणीत ते वेगळे मागवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ४.५० चा डबा आला की त्यातलेही ५० छर्रे मी आधी मायक्रोमीटरखाली घालणार आहे.