मागच्या ड्रमचे ब्रेक शू: तयार नवा संच घ्यावा, की मूळ शूंनाच नवे लायनर चढवून घ्यावेत?

जुन्या गाडीच्या मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे फिरत्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या शूंवरचे घर्षणाचे थर, संपत आले की मालकापुढे दोन मार्ग उरतात. लायनरसकट तयार मिळणारा शूंचा संच आणून बसवता येतो, किंवा गाडीबरोबर कारखान्यातून आलेले मूळ शू उतरवून लायनर बसवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर नवे लायनर चढवून घेता येतात. मी एकाच गाडीवर हे दोन्ही करून पाहिले आहे. ड्रम कसा उतरवायचा, स्प्रिंगा कोणत्या क्रमाने सोडायच्या, एका धुऱ्यावरचे चारही शू एकदमच का बदलायचे, हे वाचकाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. प्रश्न फक्त कोणता मार्ग घ्यावा एवढाच आहे, आणि माझे मत थोडे एका बाजूला झुकलेले आहे हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

तयार संचाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. काम एका दिवसात उरकते. एका बाजूचा ड्रम उघडून काम करावे आणि दुसरी बाजू तशीच ठेवावी, म्हणजे कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती ते विसरले तरी डोळ्यांसमोर नमुना असतो. ही सोय मूळ शू कारागिराकडे पाठवताना राहत नाही, कारण तेव्हा दोन्ही बाजू एकदमच रिकाम्या होतात. नव्या शूच्या पत्र्यावर गंज नसतो, लायनर कारखान्यात यंत्रावर चिकटवलेला असतो आणि चारही शूंवरचे मटेरियल एकाच प्रतीचे असते. बऱ्याच लायनरांच्या कडेला कंपनीच्या खुणेबरोबर दोन रोमन अक्षरांचा घर्षणाचा संकेत छापलेला असतो. पहिले अक्षर नेहमीच्या तापमानातील घर्षण दाखवते आणि दुसरे लायनर तापल्यानंतरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. जुन्या शूवर हा संकेत वाचता येत असेल तर नवा लायनर त्याच वर्गातला घेणे शहाणपणाचे ठरते. मागे जरुरीपेक्षा जास्त पकड आली तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होतात, आणि तसे झाले की गाडी सरळ रेषेत राहत नाही. हा संकेत तयार संचावर दुकानातच वाचता येतो. कारागिराकडे मात्र तो कोणता लायनर वापरणार आहे हे आपण होऊन विचारावे लागते.

ड्रम जुना असला की पारडे थोडे हलते. ड्रम झिजतो तसा त्याचा आतला व्यास वाढतो, आणि चरे घालवण्यासाठी तो लेथवर कापून घेतला असेल तर आणखी वाढतो. व्यास कुठवर वाढू द्यायचा याचा आकडा बहुतेक ड्रमांवर ओतीव अक्षरांत दिलेला असतो, आणि मोटारींच्या ड्रमांत तो मूळ मापापेक्षा साधारण एक-दोन मिलिमीटरच जास्त असतो. तयार शूची गोलाई नव्या ड्रमच्या मापाने ठरवलेली असते. वाढलेल्या ड्रममध्ये असा शू बसवला की लायनर फक्त मधल्या भागात टेकतो आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. याच्या उलट शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी झाली तर टोके आधी टेकतात, ब्रेक एकदम पकडतो आणि किंचाळतो. मधल्या भागातच टेकणारा लायनर चालवून चालवून हळूहळू ड्रमशी जुळतो हे खरे, पण तोवर पेडल दाबताना मागचे ब्रेक आहेत की नाहीत अशी शंका येत राहते. मूळ शूंवर लायनर चढवताना कारागिराला ड्रम सोबत दिला तर तो प्रत्यक्ष मापाप्रमाणे लायनर घासून गोलाई जुळवून देतो, कापलेल्या ड्रमसाठी थोडा जाड लायनर घालतो आणि लायनरची टोके तासून उतरती करतो. माझ्या गाडीला हा फरक पहिल्याच उतारावर जाणवला. मापन म्हणून याला फारशी किंमत नाही हे मी मान्य करतो, पण पायाला तो कळला एवढे नक्की.

तरीही एवढ्यावरून मी निर्णय घेतला नसता, कारण गोलाई आज ना उद्या जुळतेच. माझा निर्णय झाला तो हँडब्रेकमुळे.

माझ्या गाडीत दोन शूंच्या मधे एक आडवी पट्टी असते आणि ब्रेक आपोआप जवळ घेणारा दात्यांचा ॲडजस्टर तिलाच जोडलेला असतो. शूच्या पत्र्यात एक खाच असते आणि पट्टीचे टोक त्या खाचेत थोडे सैल बसते. ही सैल जागा कारखान्याने विचारपूर्वक ठेवलेली असते, कारण लायनर आणि ड्रम यांच्यात किती फट राहावी हे तीच ठरवते. लायनर झिजून फट वाढली की पेडल दाबल्यावर शू त्या सैल जागेच्या पलीकडे सरकतो, ॲडजस्टर एक दाता पुढे जातो आणि फट पुन्हा पहिल्याएवढी होते. हँडब्रेकही हेच शू ड्रमवर दाबतो, म्हणजे त्याचे सगळे वागणे शूच्या पत्र्यातल्या एका लहानशा खाचेवर अवलंबून असते. मी बसवलेल्या तयार शूंमध्ये ही खाच मूळ शूपेक्षा रुंद होती. दोन्ही शू एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले की एका बाजूला नखाच्या कडेएवढी उजेडाची रेघ दिसत असे. बाकी सारे तंतोतंत होते: भोके जागच्या जागी, लायनर एकसारखा, रंगकाम मूळ शूपेक्षाही देखणे.

परिणाम असा झाला की ॲडजस्टरला जास्तीची फट ही फट वाटेचना. शू आरामात दूर राहत, हँडब्रेकचा दांडा दर काही आठवड्यांनी एक खटका वर चढे आणि अखेर चढावर गाडी थांबवण्यासाठी तो कोपर आखडेपर्यंत ओढावा लागे. ड्रम काढून हाताने ॲडजस्टर पुढे सरकवला की काही दिवस बरे जात आणि पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण हँडब्रेकची केबल ताणून देतात आणि दांडा पुन्हा खाली आला म्हणून निश्चिंत होतात. हा उपाय मला पटत नाही. केबल ताणली की शूवरचा हँडब्रेकचा लिव्हर आपल्या विश्रांतीच्या जागी परत येत नाही, शू पूर्ण मागे जात नाहीत आणि ज्या ॲडजस्टरकडून आपण काम करून घ्यायचे तोच अडकून पडतो. आधी शू जुळवायचे आणि केबलला सर्वांत शेवटी हात लावायचा, हा क्रम मोडला की ब्रेक कधीच नीट बसत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. प्रत्येक तयार संच असाच असतो असे मी मुळीच म्हणत नाही. ज्यांच्या गाडीत दात्यांच्या चाकाचा, म्हणजे हाताने फिरवता येणारा ॲडजस्टर आहे, त्यांना ही अडचण बहुधा जाणवणारही नाही, कारण तिथे फट ठरवण्याची रीतच वेगळी असते. काही उत्पादकांचे संच मूळ भागाइतकेच नेमके असतात. पण गाडी जितकी जुनी तितके चांगल्या प्रतीचे पर्याय बाजारातून कमी होत जातात, आणि उरलेल्यांत खाच, पिनचे भोक, पत्र्याची जाडी अशा न दिसणाऱ्या मापांत कसर राहण्याची शक्यता वाढते, असा माझा अनुभव आहे. मूळ शूच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचा पत्रा त्याच गाडीसाठी कापलेला असतो, खाच तीच राहते, लिव्हरची पिन तीच राहते. बदलतो तो फक्त लायनर.

मूळ शूंच्या मार्गातही धोके आहेत आणि त्यांतला एक गंभीर आहे. लायनर चिकटवलेला असेल तर त्याचा चिकटपणा आपल्याला डोळ्यांनी तपासता येत नाही. जुना लायनर आणि चिकटद्रव्य पूर्ण उतरवून धातू उघडा झाला पाहिजे, आणि नवा लायनर दाबून धरून भट्टीत पक्का केला पाहिजे. हाताने गोंद लावून शिकंज्यात रात्रभर ठेवलेला लायनर मी माझ्या गाडीला लावणार नाही, मग तो किती का स्वस्तात मिळेना. शूच्या गंजलेल्या पत्र्यावर चढवलेला लायनर तर खालच्या गंजानेच उचलला जातो आणि पुढे पत्र्यापासून सुटतो. काम झाल्यावर लायनरच्या चारही कडांनी सर्वांत पातळ फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याची पत्र्याची पट्टी, सरकवून पाहावे. ते कुठेही, विशेषतः टोकांशी, आत शिरता कामा नये.

ज्यांवर लायनर चिकटवण्याऐवजी रिव्हेटांनी ठोकलेला असतो त्या शूंबाबत मन थोडे निर्धास्त राहते, कारण ते काम डोळ्यांना दिसते. चांगला कारागीर मधल्या रिव्हेटपासून सुरुवात करून टोकांकडे जातो, म्हणजे लायनर मधे फुगत नाही. मात्र रिव्हेटच्या लायनरची सगळी जाडी वापरता येत नाही. डोकी ड्रमला लागण्याच्या बऱ्याच आधी तो बदलावा लागतो, नाहीतर ड्रमवर चर पडतात. चिकटवण्यासाठी बनवलेल्या शूला भोके पाडून रिव्हेट मारून देतो असे कोणी म्हणाले, तर आभार मानून शू परत घ्यावेत.

दुसरा धोका धुळीचा. जुन्या गाडीवरचे मूळ लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. युरोपीय संघात हे द्रव्य सरसकट बंद झाले ते २००५ मध्ये, आणि सर्वच देशांत अजूनही तसे झालेले नाही. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर कर्करोगापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून ड्रम उघडल्यावर हवेचा फवारा कधीही मारू नये, धूळ ओली करून पुसून घ्यावी आणि जुना लायनर घरी छिन्नीने उडवण्याच्या भानगडीत पडू नये. तयार संच घेतला तर जुने शू तसेच उतरवून पिशवीत बंद करता येतात आणि लायनर खरवडण्याची वेळच येत नाही. या एका बाबतीत तयार संच निःसंशय सरस आहे.

वेळेचा प्रश्नही आहेच. शू कारागिराकडे असेपर्यंत गाडी स्टँडवर उभी राहते, आणि ज्याचे रोजचे येणेजाणे त्याच गाडीवर अवलंबून आहे त्याला हे परवडत नाही. यावर तोडगा म्हणजे मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे मूळ शू मिळवून त्यांवर आधीच लायनर चढवून ठेवणे. मी पुढे हेच केले. लायनर कितीही झिजलेले असले तरी चालते. पत्रा सरळ आहे ना, खाचेच्या कडा खाल्लेल्या नाहीत ना आणि पिनचे भोक लांबट झालेले नाही ना, एवढेच पाहायचे.

स्प्रिंगा, धरून ठेवणाऱ्या पिना आणि पेडल दाबल्यावर शूंना ड्रमकडे ढकलणारा व्हील सिलिंडर गळू लागला असेल तर तो, यांच्याबाबत दोन्ही मार्गांत फरक नाही. त्या वस्तू नव्याच घालाव्यात. ब्रेक ऑइलने किंवा धुऱ्याच्या ऑइलने भिजलेला लायनरही दोन्ही मार्गांत बादच समजावा, कारण तो धुऊन वरून कोरडा दिसला तरी तापल्यावर आतले तेल पुन्हा वर येते.

मूळ शू गंजून पातळ झाले असतील, जवळपास भट्टीची सोय असलेला विश्वासू कारागीर नसेल किंवा तुमच्या मॉडेलसाठी मूळ उत्पादकाचाच संच अजून मिळत असेल, तर तयार संच घ्यावा आणि मनात किंतु ठेवू नये. दुकानात जाताना एक जुना शू सोबत न्यावा आणि नव्यावर ठेवून खाच जुळते का ते पैसे देण्याआधी पाहावे. ज्याचे ड्रम कापलेले आहेत, मूळ शू धड आहेत आणि ज्याला थोडे थांबता येते, त्याने मात्र मूळ शूंवरच लायनर चढवून घ्यावेत असे मला वाटते. माझ्या गाडीचा हँडब्रेक तेव्हापासून एका ठरावीक खटक्यावर लागतो आणि तिथेच राहतो. एवढ्यासाठी काही दिवस गाडी उभी ठेवण्याची माझी पुन्हा तयारी आहे.

शू पाठवताना ड्रमही द्यायला विसरू नये, कारण गोलाई त्याच्याच मापाने घासायची आहे. डावे-उजवे ओळखण्यासाठी रंगाची खूण करू नये. शू साफ होताना ती निघून जाते. पत्र्यावर पंचाने डाव्या बाजूच्या शूंना एक ठिपका आणि उजव्या बाजूच्यांना दोन ठिपके मारावेत, ड्रमच्या बाहेरच्या कडेवरही तसेच करावे, आणि कोणत्या ड्रमसाठी कोणती जोडी घासायची हे कारागिराला कागदावर लिहून द्यावे.